ड्रममागचा गळा

अमेरिकेच्या ‘बीच बॉईज’ वाद्यवृंदाचे नाव निघाले की ब्रायन विल्सन आणि माइक लव्ह यांचे आवाज आठवतात. मला मात्र ड्रम वाजविणारा मधला भाऊ डेनिस विल्सन अधिक जवळचा वाटतो. जन्म १९४४ चा, कॅलिफोर्नियातला. आईच्या आग्रहामुळे त्याला वृंदात घेतले. फळीवर उभा राहून लाटांवर स्वार होणारा खरा गडी तोच, आणि त्यावर गाणे रचा हे सुचविणाराही तोच. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, भांडवल त्याचे आणि पाटीवर नाव इतरांचे!

१९६५ साली ‘डू यू वॉना डान्स’ मध्ये मुख्य आवाज त्याचा होता. १९७० च्या ‘फॉरेव्हर’ मध्ये तो किती हळुवार गायला आहे! १९७७ साली ‘पॅसिफिक ओशन ब्लू’ ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. तोवर व्यसनांनी गळा घोगरा केला होता. २८ डिसेंबर १९८३ रोजी मरिना डेल रे येथे तो बुडाला. वय अवघे ३९. त्याचा देह समुद्रालाच दिला.