दोष दारूचा नव्हता

अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री म्हटले की गळ्यात गिटार अडकवून गावोगाव भटकणारा, शेतमजूर आणि कामगारांची गाणी गाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण आयुष्याची शेवटची सुमारे तेरा वर्षे त्यांनी बहुतेक रुग्णालयातच काढली. त्यांच्या मेंदूचा एक छोटासा भाग हळूहळू झिजत चालला होता. हा आजार कळायला फार उशीर झाला, कारण तोपर्यंत सगळ्यांनी दारूला दोष दिला होता.

गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा या गावी झाला. त्यांच्या आई नोरा यांच्याकडून त्यांना जुनी लोकगीते मिळाली आणि त्यांच्याकडूनच आजारही आला. वुडी लहान असतानाच आईचे वागणे बदलू लागले. कधी त्या एकदम भडकत, कधी गप्प बसून राहत. हातपाय आपोआप हलत. १९१९ मध्ये वुडींची थोरली बहीण क्लारा भाजून गेली. १९२७ मध्ये वडील गंभीर भाजले आणि त्यानंतर नोरा यांना नॉर्मन येथील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तिथेच त्यांचा अंत झाला. गावाच्या लेखी त्या वेड्या होत्या.

पुढे वुडी टेक्सासमधील पॅम्पा येथे राहिले. १९३५ च्या प्रचंड धुळीच्या वादळाने तो सारा प्रदेश उजाड केला, तेव्हा पोटासाठी कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या हजारो लोकांबरोबर तेही गेले. लॉस एंजेलिसच्या रेडिओवर त्यांचा आवाज लोकप्रिय झाला. १९४० मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी लिहिलेले ‘धिस लँड इज युअर लँड’ आजही अमेरिकेतल्या शाळांत गायले जाते. १९४१ मध्ये कोलंबिया नदीवरील धरणांसाठी त्यांनी महिनाभरात २६ गाणी लिहिली. १९४३ मध्ये त्यांचे आत्मचरित्रपर पुस्तक आले.

चाळिशीकडे येताना घडी विस्कटू लागली. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेतल्या मार्जोरी माझिया या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. या दोघांची चार वर्षांची मुलगी १९४७ मध्ये आगीत दगावली. त्यानंतर वुडींची चिडचिड, विसराळूपणा, घर सोडून निघून जाणे वाढले. चालताना तोल जाई, बोलणे अडखळे. ते पीतही होते, त्यामुळे लोकांना उत्तर सोपे वाटले. घरात हिंसेपर्यंत गोष्ट गेली. दारूचे व्यसन, स्किझोफ्रेनिया असे शिक्के बसले. शेवटी १९५२ मध्ये ब्रुकलिनच्या सरकारी रुग्णालयात निदान झाले : हंटिंग्टन रोग.

या रोगाचे नेमके वर्णन १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने केले होते. त्यांचे वडील आणि आजोबाही डॉक्टर होते. लाँग आयलंडवरच्या काही घराण्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला या तिघांनी पाहिला होता.

रोगाचा पहिला घाव बसतो तो ‘कॉडेट न्यूक्लियस’ आणि त्याला लागून असलेल्या भागावर. कॉडेट म्हणजे शेपटी असलेला. मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांत खोलवर, स्वल्पविरामासारखा वळलेला चेतापेशींचा हा पुंजका असतो. मेंदूच्या बाह्य थराकडून येणाऱ्या संदेशांपैकी कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती थांबवायची, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हंटिंग्टन रोगात ‘थांब’ सांगणाऱ्या पेशी आधी मरतात. ब्रेक ढिला पडतो आणि हातपाय, चेहरा, खांदे नको असताना हलू लागतात.

कॉडेट मेंदूच्या पुढच्या भागाशीही जोडलेला असतो. राग आवरणे, कामाची आखणी करणे, एक विचार सोडून दुसऱ्याकडे वळणे ही कामे या जोडणीवर चालतात. म्हणून अनेक रुग्णांचा स्वभाव आधी बदलतो आणि हातपाय नंतर हलू लागतात. घरच्यांना तो माणसाचा दोष वाटतो. नोरा आणि वुडी या दोघांच्याही वाट्याला हेच आले.

१९५४ मध्ये वुडी स्वतःहून रुग्णालयात दाखल झाले. १९५६ पासून पाच वर्षे ते न्यू जर्सीतील ग्रेस्टोन येथे होते. १९६१ मध्ये बॉब डिलन नावाचा कोवळा गायक खास त्यांना भेटायला आला. तोवर वुडींच्या हातून गिटार सुटली होती. पुढे वाचाही गेली. घटस्फोट होऊनही मार्जोरी यांनी त्यांची काळजी घेणे सोडले नाही. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मार्जोरी यांनी या रोगाशी लढणारी संस्था सुरू केली. संशोधनाला बळ मिळाले. १९८३ मध्ये रोगाचे मूळ चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दिसले आणि १९९३ मध्ये जनुक सापडले. त्यातला तीन अक्षरांचा एक तुकडा साधारणतः २६ किंवा त्याहून कमी वेळा येतो. तो ४० वा अधिक वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच. आई-वडिलांपैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वुडींच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुली याच रोगाने गेल्या, दोघीही वयाच्या ४१ व्या वर्षी.

हा रोग थांबवणारे औषध अजून हाती नाही. अनैच्छिक हालचाली कमी करणारी औषधे आहेत. जनुकाची तपासणी करता येते, पण ती करायची की नाही हा निर्णय समुपदेशनानंतर ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. मात्र तिशी-चाळिशीत एखाद्याचा स्वभाव पालटला, तोल जाऊ लागला, हातपाय आपोआप हलू लागले आणि घराण्यात असे कुणी होऊन गेले असेल, तर त्याला व्यसनी किंवा वेडा ठरवण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे. नोरा गथ्री यांना तेवढीही संधी मिळाली नव्हती.