नाकातल्या कोंबाचं मूळ गालात आहे, हे सांगणारे डॉ. किलियन

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलाची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहिली, तर घरच्यांना ती सर्दीच वाटते. तपासणीत कधी कधी मांसाचा कोंब निघतो. त्यातल्या एका प्रकाराला ‘किलियन पॉलिप’ म्हणतात. हे नाव गुस्टाव्ह किलियन या जर्मन डॉक्टरांवरून पडलं.

१८६० साली माइन्झमध्ये जन्मलेले किलियन फ्रायबुर्गला नाक-घशाचे डॉक्टर होते. १८९७ मध्ये त्यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड छाती न कापता, तोंडावाटे नळी घालून काढलं. श्वासनलिकेच्या दुर्बीण तपासणीची ती सुरुवात ठरली.

१९०६ मध्ये त्यांनी या कोंबाचं सविस्तर वर्णन केलं. तो दिसतो नाकात, पण त्याचं मूळ असतं गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे मॅक्सिलरी सायनसमध्ये. मूळ राहिलं, की कोंब पुन्हा वाढतो.

त्या काळी मुळापर्यंत पोचायला वरच्या ओठाच्या आतून चिरा देऊन हाड उघडावं लागे. आज बहुतेक वेळा नाकातूनच दुर्बीण घालून कोंब मुळासकट काढतात. चेहऱ्यावर टाका पडत नाही.

किलियन १९२१ मध्ये बर्लिनमध्ये वारले. एकच नाकपुडी सतत बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना नक्की दाखवा.