नावापाशी न थांबणारे कर्नल कीर्तिकर

१९०९ साली मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यास भरले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजधानीतील या संमेलनाचे अध्यक्ष पेशाने डॉक्टर होते, हे सांगितले की आजच्या तरुण बडोदेकरांना नवल वाटते. मला ते तितकेसे वाटत नाही. कै. लेफ्टनंट-कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी शब्दाचे मोल दोन्हीकडे ओळखले होते, काव्यात आणि औषधातही.

त्यांचा जन्म १८४९ सालचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते विलायतेस गेले आणि पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. नोकरी सांभाळून त्यांनी टेनिसनच्या काव्याच्या आधारे ‘इंदिरा’ हे मराठी काव्य रचले. मात्र त्यांचे मन विशेष रमले ते झाडपाल्यात. मुंबईकडील विषारी वनस्पतींवर त्यांनी तेथील नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. लंडनच्या लिनियन सोसायटीचे ते फेलो होते. पान ओळखण्यात चूक झाली तर ती कोणाच्या जिवावर बेतते, हे विषाच्या अभ्यासकाला कोणी निराळे सांगावे लागत नाही.

जखमेवरच्या औषधांचीच गोष्ट घ्या. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. जखम स्वच्छ करणे ते शोधन आणि ती भरून आणणे ते रोपण. जात्यादी तेलात जाईचा पाला, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा अशी द्रव्ये पडतात. माझ्या आजीच्या फडताळात त्याची बाटली कायम असे, आणि अंगणात पाय सोलून आलेल्या नातवंडाची त्या उग्र वासापासून सुटका नसे. परंतु परंपरेने आपल्याला नावे दिली, त्या नावांबरोबर चित्रे दिली नाहीत. नाव तर दर शंभर कोसांवर बदलते.

ब्राह्मीचेच पाहा. आपण मराठी माणसे जिला ब्राह्मी म्हणतो, ती बहुधा जमिनीलगत पसरणारी, घोड्याच्या खुरासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी, म्हणजे कोकणातला कारिवणा. बंगालात ब्राह्मी मागितली तर हाती येते ती बारीक, मांसल पानांची, पाणथळीत वाढणारी निराळीच वनस्पती. मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड नावाचे द्रव्य असते. जखमेच्या जागी नवी ऊती बांधणाऱ्या कोलॅजनची निर्मिती त्याने वाढते, असे पुढील संशोधनात दिसून आले आणि तिच्या अर्काची मलमे निघाली. ते द्रव्य दुसऱ्या ब्राह्मीत नाही. म्हणजे श्लोक तोच, नाव तेच, आणि तरीही औषध चुकले!

हा गोंधळ निस्तरायला एका मराठी डॉक्टराने एका बंगाली डॉक्टराशी हातमिळवणी केली, याचे मला फार कौतुक वाटते. मेजर वामनदास बसू हेही त्याच सेवेतले. निवृत्तीनंतर ते अलाहाबादेस राहत. या दोघांनी ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, निरनिराळ्या प्रांतांतली देशी नावे, पानाफुलांचे वर्णन, उपयोग, आणि सोबत हजाराहून अधिक चित्रफलक! दोन्ही ब्राह्मी त्यात आपापल्या जागी वेगळ्या उभ्या आहेत. वैद्याने चित्राशेजारी पान धरून पाहावे, एवढी सोय झाली.

दैव असे की छापलेला ग्रंथ कर्नलसाहेबांच्या दृष्टीस पडला नाही. १९१७ साली ते निवर्तले आणि १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयाने ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे फादर ब्लॅटर, फादर केयस आणि आपले डॉ. म्हसकर यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती तयार केली. आजही अभ्यासक ‘कीर्तिकर आणि बसू’ एवढेच म्हणतात आणि जाणकाराला ते पुरते.

आपल्याकडील जुन्या घरांत ब्राह्मीची कुंडी अजून दिसते. ती दोहोंपैकी कोणती, हे एकदा पान निरखून पाहावे. बडोद्याने ज्यांना साहित्याच्या अध्यक्षपदी बसवले, त्या कीर्तिकरांचे स्मरण करण्याची याहून योग्य रीत मला तरी सुचत नाही.