सेनापतींचा झाडू



आपल्यापैकी बरेच जण राळेगणसिद्धी पाहून आलेले आहेत. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणला वळले की थोड्या वेळात गाव येते. शाळेच्या सहली तिथे जातात, बचत गटाच्या महिला जातात. नालाबंडिंग, पाझर तलाव, हिरवी शिवारे पाहून पाहुणा म्हणतो, इथे पैसा बराच आला असेल. पण पाणी अडण्याच्या आधी तिथे माणसांच्या सवयी बदलल्या. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. आधी देवळाची दुरुस्ती झाली, मग दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि मग पाण्याचे काम उभे राहिले. श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द सरकारी कागदावरचे वाटतात. प्रत्यक्षात त्या रोजच्या लहान गोष्टी आहेत. आज संध्याकाळी गुत्त्याकडे पाय वळू द्यायचा नाही. आज डोंगरावर शेळ्या सोडायच्या नाहीत. आज एक दिवस घमेले उचलायचे.

हे गाव ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच तालुक्याने साठ वर्षे आधी एक माणूस पाहिला होता. त्याने अशीच एक लहान सवय लावून घेतली आणि तिच्यावर आपले उरलेले आयुष्य उभे केले. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट. मुंबईच्या दादरमध्ये आणि पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. रोज हजारो गाड्या तिथून जातात. पण सेनापती बापट कोण होते असे आपल्या तरुण मुलांना विचारले, तर अनेकांना सांगता येत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. मुलगा हुशार निघाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०३ मध्ये ते बी. ए. झाले. पुढच्या वर्षी मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन ते इंजिनिअरिंग शिकायला स्कॉटलंडमधील एडिंबरोला गेले. पारनेरसारख्या दुष्काळी भागातल्या घरासाठी ही केवढी मोठी गोष्ट! मुलगा साहेब होऊन परत येणार, घराचे दिवस पालटणार, असेच सर्वांना वाटले असेल.

तसे झाले नाही. हिंदुस्थानातील इंग्रजी राजवटीवर बापटांनी तिथे एक भाषण केले आणि त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. तिथून ते पॅरिसला गेले. रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची माहिती मिळवली आणि १९०८ मध्ये ती पुस्तिका घेऊन ते मायदेशी परतले. त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूरचा बाँब खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचे नाव आले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे ते ठिकाणे बदलत लपून राहिले. शेवटी पोलिसांनी पकडले, पण पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि ते सुटले.

बाँबचा मार्ग आपल्याला मान्य होण्यासारखा नाही, हे स्पष्टच सांगतो. पण या माणसाच्या आयुष्यातला खरा विचार करण्यासारखा भाग इथून पुढे सुरू होतो.

पहाटेचे काम

सुटून आल्यावर बापट पारनेरला राहिले. चौतीस वर्षांचा माणूस. पदवीधर, परदेश पाहिलेला. पदवीच्या जोरावर कुठेही चांगली नोकरी बघता आली असती, पण तसे त्यांनी केले नाही. त्यांनी झाडू उचलला. पहाटे उठायचे आणि गावाचे रस्ते झाडायचे. इतकेच करून ते थांबले नाहीत. लोकांचे संडासही साफ करू लागले. दलितांच्या मुलांना शिकवू लागले. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याच्या बारशाला जेवणाची पहिली पंगत त्यांनी दलितांची बसवली.

आज हे वाचताना आपल्याला बरे वाटते. पण त्या काळच्या पारनेरची कल्पना करा. ब्राह्मणाच्या हातात झाडू, तोही स्वतःच्या अंगणात नाही, भर रस्त्यात. गावातल्या प्रत्येक माणसाची जागा आणि त्याचे काम जन्मानेच ठरलेले होते. कोणी झाडायचे आणि कोणी झाडलेल्या रस्त्यावरून चालायचे, हे कोणाला विचारावेही लागत नव्हते. बापटांनी त्यावर नुसते व्याख्यान दिले असते तर लोकांनी ऐकून घेतले असते आणि घरी गेले असते. रोज पहाटे दिसणारा झाडू मात्र कोणालाही टाळता येत नव्हता.

पुढे नोकरीसाठी ते पुण्याला गेले. 'चित्रमय जगत' मासिकात, मग लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' या इंग्रजी पत्रात, नंतर डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयात त्यांनी काम केले. नोकऱ्या बदलल्या, गाव बदलले, झाडू बदलला नाही. पुण्यात ज्या भागात राहत तिथले रस्तेही ते झाडत. दिवसा लेखणीचे काम, पहाटे झाडूचे. एक काम हलके आणि दुसरे मानाचे, असा भेद त्यांनी ठेवला नाही.

सवयीतून न्यायाकडे

१९२० हे वर्ष त्यांना फार जड गेले. ऑगस्टमध्ये पत्नीचे निधन झाले. त्याच सुमारास मुंबईत झाडूवाल्यांचा संप सुरू होता. बापट त्या कामगारांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यासाठी मित्रमंडळ काढले, वर्तमानपत्रात निवेदन दिले, गळ्यात पेटी अडकवून भजने म्हणत मुंबईच्या रस्त्यांतून मिरवणूक काढली. श्रमाला मान हवा आणि माणसाला समान हक्क हवा, हेच त्यांचे सांगणे होते. तो संप यशस्वी झाला.

इथे थोडे थांबू या. झाडणे हे बापटांचे व्रत होते. त्यांनी ते स्वतः निवडले होते आणि उद्या सोडले असते तरी त्यांची चूल पेटली असती. मुंबईच्या झाडूवाल्यांना अशी निवड नव्हती. तोच झाडू, तीच धूळ. पण एकाला लोक त्यागी म्हणत, दुसऱ्याला शिवतही नसत. हा फरक बापटांना कळला, कारण रोज पहाटे तो झाडू त्यांच्या हातात होता. साधे राहणे आणि गरीब असणे यांत असाच फरक आहे. ज्याच्या ताटात दोन भाज्या येऊ शकतात त्याने एक ठेवली, तर तो साधेपणा. ज्याच्या ताटात एकही नाही, त्याला साधेपणाचे प्रवचन देणे ही थट्टा आहे. म्हणून कोणत्याही साध्या राहणीला एक प्रश्न विचारावा: माझ्या या सवयीने दुसऱ्या कोणाचे ओझे हलके झाले का? नसेल झाले, तर ती सवय चांगली असेल, पण अर्धीच.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांच्या आजी-आजोबांनी हे दुसऱ्या बाजूने भोगले आहे. त्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर आपल्या देशात १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली आणि २०१३ मध्ये आणखी कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

मुळशी आणि तुरुंग

बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते मुळशी सत्याग्रहात. टाटा कंपनी वीजनिर्मितीसाठी मुळशीला धरण बांधत होती आणि मावळातील पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. बापटांना त्यात पुन्हा पुन्हा तुरुंगवास झाला. शेवटी १९२४ मध्ये त्यांनी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले तेव्हा धरण बांधून झाले होते. गावे बुडाली होती.

धरणांमुळे विस्थापित झालेल्यांच्या लढ्यांची गोष्ट निघाली की आजही मुळशीपासून सुरुवात होते. पण त्या शेतकऱ्यांना जमीन परत मिळाली नाही, हेही खरे आहे. आयुष्याची सात वर्षे देऊन हाती काय आले, असा प्रश्न कोणालाही पडेल. अशा अपयशानंतर माणूस कडू होतो किंवा घरी बसतो. बापट सुटले आणि पुन्हा कामाला लागले. मला वाटते, याचे उत्तर त्या पहाटेच्या झाडूत आहे. रस्ता आज झाडला तरी उद्या पुन्हा धूळ येणारच. तरीही उद्या पुन्हा झाडायचा. ज्याला हे रोज अंगवळणी पडले आहे, त्याला एका पराभवाने मोडता येत नाही.

शेवटपर्यंत तेच

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान सेनापती बापटांना मिळाला. १९५५ मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांच्याबरोबर पहिल्या तुकडीत ते होते. तेव्हा त्यांचे वय ७४ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते पुढे राहिले. मनाने ते चिंतनशील होते. श्री अरविंदांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून त्यांचे ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

संत थॉमस अक्विनस यांनी सद्गुणांचा विचार सवयीपासून सुरू केला. अॅरिस्टॉटलकडून त्यांनी हे घेतले. पेटी वाजवून पेटी येते, तसे धीराची कामे करून माणूस धीराचा होतो. पुन्हा पुन्हा केलेले कृत्य हळूहळू आपला स्वभाव बनते. मग ते करायला जोर लावावा लागत नाही, उलट न केले तर चुकल्यासारखे वाटते. बापटांच्या झाडूत हेच दिसते. वेळ ठरलेली, पहाटेची. जागा ठरलेली, आपण राहतो तिथले रस्ते. काम इतके लहान की आज जमणार नाही असे म्हणायला तोंड नाही.

आणि एक गोष्ट. ही सवय त्यांच्यावर कोणी लादली नव्हती. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे प्रसंग घडले. त्यामागे गावाची कळकळ होती हे खरे, पण भीतीने सुटलेली सवय पाठ वळताच परत येते. घरातही आपण मुलांना ओरडून टीव्ही आणि मोबाईल बंद करायला लावतो आणि आपण स्वतः जेवताना मोबाईल बघतो. मुले आपले ओरडणे विसरतात, आपले वागणे उचलतात.

आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते नोकराचे काम होते. आज्ञा गुरुवारी आपण दरवर्षी तो विधी करतो. पण तो वर्षातून एकदाच राहिला तर विधीच राहतो, सवय होत नाही.

म्हणून पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येक घराने एकच गोष्ट ठरवावी, फार मोठी नको. आपल्या घरात जे काम नेहमी एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते, बहुधा आईच्या किंवा सुनेच्या, त्यातले एक काम दुसऱ्याने रोज ठरलेल्या वेळी करावे. जेवल्यावर आपले ताट आपण धुणे, संडास-मोरी घासणे, पाणी भरणे, दारापुढचा रस्ता झाडणे, काहीही चालेल. पुरुष मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. एक दिवस चुकला तर रुखरुख लावून घेऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

तसेच रविवारच्या मिस्सेनंतर चर्चचे आवार झाडायला पुढच्या आठवड्यापासून पाळी लावत आहोत. आतापर्यंत हे काम एकच व्यक्ती करत आली आहे. दारापाशी वही ठेवली आहे, तीत नाव लिहावे. पहिल्या रविवारी झाडू माझ्याकडे असेल.

देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू