शोधक की गुन्हेगार?

पाठ्यपुस्तकांनी वास्को-द-गामाला भारताचा सागरी मार्ग शोधणारा वीर ठरवले. पोर्तुगीजांच्या वसई किल्ल्याजवळ, पापडीत राहणारे आम्ही या वीराचा हिशेब मागणारच!

पोर्तुगालच्या सिनिश गावचा हा दर्यावर्दी मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. आफ्रिकेतील मलिंदीहून घेतलेल्या वाटाड्याने त्याला अरबी समुद्र पार करून दिला. तिथल्या खलाशांना तो मार्ग शतकानुशतके ठाऊक होता. मग शोध कसला?

१५०२ च्या फेरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज लुटले आणि बायकामुलांसह पेटवून दिले. कालिकतवर तोफा डागल्या. पकडलेल्या गरीब मच्छीमारांना फासावर लटकवून त्यांचे हातपाय तोडले. याच माणसाला १५२४ मध्ये व्हाइसरॉय करून पाठवले गेले. त्याच वर्षी तो कोचीनला मेला.

म्हणून कालिकतच्या झामोरिन राजाचा जयजयकार आम्ही करणार नाही. त्याच्या मलबारात अस्पृश्याने किती पावले दूर उभे राहायचे, हे जात ठरवीत असे. परंतु एका जुलमाने दुसरा जुलूम माफ होत नाही.

गोव्यातील एक शहर आजही गामाचे नाव मिरवते. पाठ्यपुस्तकात त्याच्या नावाशेजारी त्या मच्छीमारांनाही जागा मिळालीच पाहिजे. मारले गेलेले बहुजन इतिहासात कधी येणार?