मूळ ग्रंथाच्या शोधात पंडिता रमाबाई

रमजान हा कुरआनचा महिना. पण एका रिवायतीनुसार तौरात आणि इंजील हे ग्रंथही याच महिन्यात उतरले. तौरात यहुद्यांची, इंजील हजरत ईसा अलैहिस्सलाम यांची. त्यांनाच आपले ख्रिस्ती बांधव येशू म्हणतात. आधीच्या या ग्रंथांवरही ईमान ठेवल्याशिवाय मुसलमानाचे ईमान पुरे होत नाही. म्हणून आज या पानावर, हे ग्रंथ मुळातून वाचण्यासाठी उतारवयात हिब्रू शिकलेल्या एका मराठी बाईची आठवण करू या. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना रोष पत्करावा लागला. त्याच आईने रमाबाईंना भागवत शिकवले. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

तिथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेद ठेवला. स्त्रीने वेद वाचू नये, हे ऐकत त्या वाढल्या होत्या. तो त्यांनी वाचला आणि प्रश्न सुरू झाले. ज्या ग्रंथाच्या नावावर बाईला आणि शूद्राला दूर ठेवले जाते, त्या ग्रंथात नेमके काय आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी का पाहू नये? ही सवय त्यांना आयुष्यभर सुटली नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. दीड-दोन वर्षांत पटकीने पतीही गेला. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकी राहून गेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयामागे नीळकंठशास्त्री गोरे या, त्यांच्याआधी ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीय पंडिताच्या लेखनाचा मोठा वाटा होता.

इथे महाराष्ट्रात गहजब झाला. पण ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केले, त्यांच्याशीही रमाबाईंचे पटले नाही, ही गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. ग्रंथात स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. देव एक, हे त्यांना मान्य होते. पण त्रैक्याचा सिद्धांत आणि येशूचे देवत्व यांवर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद चालला. त्या शाकाहारी राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. लॅटिन ना त्यांची भाषा होती, ना येशूची. त्यांच्या या वागण्याला वाँटेजमध्ये अहंकार म्हटले गेले. पुण्यात त्यांना धर्मबुडव्या ठरवले गेले होते.

हे वाचून एखाद्या मुसलमान वाचकाला त्या आपल्या वाटेवरच्या वाटतील. तशी घाई करू नये. पुढे १८९१ च्या सुमारास ख्रिस्त हाच तारणारा, अशी त्यांची निष्ठा पक्की झाली आणि ती अखेरपर्यंत टिकली. त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळेच आहे. श्रद्धा आणि प्रश्न या दोन्ही गोष्टी एकाच मनात प्रामाणिकपणे नांदू शकतात, हे त्यांनी जगून दाखवले.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. तिथे धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतर दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन पुण्याजवळच्या केडगावला परतल्या. मुक्ती सदन तिथेच उभे राहिले. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, त्यात आपला वऱ्हाडही होरपळला. त्या वेळी त्यांनी गुजरातेतल्या अनाथ मुलींनाही आसरा दिला. रोजाची भूक आपण स्वतः पत्करतो आणि मगरिबच्या अजानला ती संपते. रमाबाईंनी मात्र घरातली तीन माणसे भुकेने मरताना पाहिली होती. उपाशी माणसाला धर्म विचारण्याआधी भाकरी द्यावी, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

या साऱ्या व्यापात त्यांनी आयुष्यातले शेवटचे मोठे काम हाती घेतले. बायबलचा मराठी अनुवाद होता, पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या खेडवळ मुलींना कळत नव्हती. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. येशूंपर्यंत जायचे तर यहुदी घरातूनच जावे लागते. शुभवर्तमाने सांगतात की आठव्या दिवशी त्यांची सुंता झाली, शब्बाथला ते सभास्थानात जाऊन धर्मग्रंथ वाचत, वल्हांडण पाळत, चाळीस दिवस त्यांनी उपवास केला. देव एकच आहे, ही मूसांची शिकवण त्यांनी सर्वांत मोठी आज्ञा मानली. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे शनवार तेली म्हणत, ते याच परंपरेतले. हिब्रू ही अरबीची सख्खी बहीण. इथला सलाम तिथे शालोम होतो.

अनेक वर्षे हे काम चालले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्ती सदनातल्या मुलींनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी रमाबाई थांबल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अनुवाद हातावेगळा झाला होता. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.

आपल्याकडेही असे घडले आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी कुरआन फारसीत आणला, तेव्हा त्यांना विरोध झाला. त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी तो उर्दूत आणला. आज मराठीतही तर्जुमे मिळतात. तरावीहमध्ये महिनाभर कुरआन कानावर पडतो, त्यातला किती आपल्याला समजतो? संस्कृतच्या पंडितेला पन्नाशीच्या आसपास हिब्रूची मुळाक्षरे गिरवताना संकोच वाटला नाही. मग आपल्याला आपल्याच भाषेतला तर्जुमा उघडताना कसला संकोच? या रमजानमध्ये रोज एक पान अर्थासह वाचावे. आणि शेजाऱ्याच्या ग्रंथाविषयी मत बनवण्याआधी त्याचीही दोन पाने वाचावीत.