मुसोनियातला रँडी

शहापुरात आमच्या घरी रोज संध्याकाळी आईचा पेटीचा क्लास असतो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पोरं आणि आतल्या खोलीत मी, माझी सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा ॲम्प. खरं सांगायचं तर त्या वेळात मी मित्रांना घरी बोलवत नव्हतो. रॉक वाजवणाऱ्या पोराच्या घरात अलंकार घोकले जातात हे कशाला कुणाला कळायला पाहिजे!

पॉवर कॉर्ड लवकर जमली. पहिलं बोट जाड तारेवर, तिसरं बोट शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे, झालं. आईनं बाहेरून ऐकलं आणि हे तर नुसतं सा-प आहे म्हणाली. बरोबरच होतं तिचं. त्यात गंधार नाही, म्हणून ती कॉर्ड ना मेजर ना मायनर. आवाज फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन लावलं, की गंधार गढूळ होतो. सा-प मात्र टिकून राहतात.

घोडं अडलं ते पाम म्यूटिंगवर. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी टेकवायची आणि मग पिक मारायचा. हात जरा पुढे सरकला की नुसतं ठक ठक, जरा मागे गेला की तार मोकाट. जागा केसभर. दोन महिने झाले तरी सापडेना, तेव्हा गिटार विकून टाकायचं ठरवलं होतं. एका सीनियरनं विकण्याआधी एकदा ‘क्रेझी ट्रेन’ नीट ऐक म्हणून सांगितलं. रँडी ऱ्होड्स मला असा भेटला.

6 डिसेंबर 1956 ला कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथं त्याचा जन्म. तीन भावंडांत धाकटा. तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील घर सोडून गेले. आई डेलोरेस संगीत शिक्षिका. नॉर्थ हॉलीवूडमध्ये तिनं मुसोनिया नावाची संगीतशाळा काढली आणि तिच्यावर तीन मुलं वाढवली. हे वाचलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं.

रँडी सातेक वर्षांचा असताना आजोबांची जुनी गिब्सन घेऊन बसला. शिकला आईच्याच शाळेत. पुढे तिथल्या गिटारच्या सरांनी डेलोरेसबाईंना कळवलं की आता या पोराला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. मित्राबरोबर त्यानं बँड काढला, तोच पुढे क्वाएट रायट झाला. त्यांचे पहिले दोन अल्बम निघाले ते फक्त जपानात. गावात नाव, पण अमेरिकेत कंपनी मिळेना. त्या वर्षांत रँडी दिवसा मुसोनियात पोरांना शिकवायचा आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा. म्हणजे शाळा सुटली नव्हतीच.

1979 मध्ये ब्लॅक सॅबथमधून बाहेर पडलेला ऑझी ऑस्बॉर्न गिटारवाला शोधत होता. रँडी गेला, हात मोकळा करायला काहीतरी वाजवू लागला आणि तेवढ्यावरच निवड झाली. 1980 चा ‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’ आणि 1981 चा ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’, एवढे दोनच अल्बम त्यानं ऑझीबरोबर केले.

‘क्रेझी ट्रेन’ त्यातल्या पहिल्यातलं. सगळे त्याच्या सोलोवर भाळतात, मीही भाळलो होतो. पण कडव्याखाली कान द्या. तिथं तार तळव्याखाली दबून सारखी धावत असते, आणि हात उचलला की कॉर्ड एकदम मोकळी फुटते. तबल्यावर बंद बोल आणि खुला बोल असतो ना, तसंच. खुल्याला जोर येतो तो बंदामुळे. आणि सोलो? तोच सोलो तो पुन्हा वाजवून एकावर एक चढवायचा, काही ठिकाणी तीन-तीनदा, सुरागणिक तंतोतंत. मला एकदा धड जमत नाही.

पहिल्याच अल्बममध्ये मिनिटभराचाही नसलेला एक साधा क्लासिकल तुकडा आहे, नाव ‘डी’. तो आईसाठी. एवढ्या गोंगाटाच्या अल्बममध्ये आईचं नाव घालायला त्याला लाज वाटली नाही!

नाव झाल्यावरही हा माणूस दौऱ्यात ज्या गावी जाईल तिथं क्लासिकल गिटारचे मास्तर शोधायचा आणि फी भरून शिकवणी लावायचा. शेवटी शेवटी तर बँड सोडून क्लासिकल गिटारची पदवी घ्यायची असं तो बोलू लागला होता.

ते राहिलं. 19 मार्च 1982 ला दौऱ्याची बस फ्लोरिडात लीसबर्गला थांबली होती. बसच्या ड्रायव्हरनं तिथलं एक छोटं विमान न विचारता काढलं. रँडी आणि बँडबरोबरच्या एक बाई त्यात बसल्या. बसवरून खालून घिरट्या घालताना पंख बसला लागला आणि विमान शेजारच्या घराच्या गॅरेजवर कोसळलं. तिघंही गेले. रँडी 25 वर्षांचा होता, आणि त्याला विमानाची मुळात भीती वाटायची.

डेलोरेसबाईंनी मुसोनिया बंद केली नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं त्या शिकवत राहिल्या. 2015 मध्ये त्या गेल्या.

हे सगळं मी एका रात्री जेवताना आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी क्लासच्या वेळी तिनं मला ॲम्पसकट बाहेर बोलावलं. पोरं सरकून बसली. तिनं पेटीवर सा-प धरला आणि मला तोच वाजवायला सांगितला, सोळा मात्रा बंद, मग एक खुला. सातव्या मात्रेला हात घसरला. पोरं खुसखुसली. आईनं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.